जीवनावश्यक तेलाचा साठा

शासकीय मराठीत माझा हात धरणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही. हे मी म्हणत नाही. आमच्याकडून तीन साहेब बदलून गेले आणि तिघांनीही निरोपाच्या भाषणात हेच सांगितलं. 'आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की' हे वाक्य मी झोपेतही बिनचूक लिहीन. माझी बायको रेणुका म्हणते, भाजी आणायची राहिली तरी मी 'सदर बाब अनवधानाने राहून गेली' असंच बोलतो. एवढा भाषेचा माणूस नेमका भाषेतच तोंडावर आपटला आणि स्वतःच्या घराचा पंचनामा करवून बसला, हे सांगताना संकोच वाटतो. पण गावात ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ते सांगून झालंय, तेव्हा माझीही बाजू एकदा कागदावर यावी.

मी धम्मानंद. पालमला एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. कोणत्या, ते सांगत नाही. अजून चार वर्षं नोकरी बाकी आहे.

सगळं सुरू झालं मायच्या दम्यापासून. दमा हा शब्द आमचा. परभणीच्या छातीच्या डॉक्टर प्रियंका मॅडम त्याला इंग्रजीतली चार अक्षरं म्हणतात. माझी माय सरजाबाई त्याला 'धुराची बाकी' म्हणते, आणि तिघांत तिचंच नाव खरं आहे. तीस वर्षं तिनं मुलांच्या एका वसतिगृहात भाकरी केल्या. ऐंशी पोरं, दोन वेळा, तीन चुली, सोबतीला अजून दोघी बाया, आणि धूर जायला एकच खिडकी. तीही मांजर येतं म्हणून बंद. मी तिथंच चुलीपुढं बसून वाढलो. माझं अंकगणित शाळेत झालंच नाही, तिथं झालं. दहा भाकरींची एक चळत. दहा मोजून झाल्या की मी ओरडायचो, "माय, चळत!" मग ती फुंकणी उचलून चूल फुंकायची आणि आम्ही पुन्हा एकपासून सुरू करायचो. त्या भाकरींवर मी बी. ए. झालो आणि तो धूर तिच्या छातीत राहिला. हे मला फार उशिरा कळलं. मॅडमनी एक्स-रे दिव्यावर धरला, तेव्हा.

मॅडमनी तिला नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि पंप लिहून दिला. सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर. 'आयुष्यभर' हा शब्द त्यांनी उगाच उच्चारला. मायनं पंप पदराला गाठ मारून घरी आणला, दोन दिवस तोंडात धरून बघितला आणि तिसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात पुरून टाकला. रेणुका खिचडी करायला गेली तेव्हा तो सापडला.

"कामून गं माय?" मी विचारलं.

"त्यानं काय बी फरक पडंना. आन पंप एकदा लागला की सुटत न्हाई म्हनत्यात. चार बायांत बसून मी ते फुसफुस करू का? म्हनतील, सरजाबाईचं आटपत आलं."

"अगं, औषध हाय ते."

"जल्मभर फुंकणी हातात व्हती. आता म्हातारपनी ही उलटी फुंकणी तोंडात द्यायलास का मला?"

मी तांदूळ झटकून पंप फडताळात ठेवला. मायपुढं माझं काही चाललं नसतं.

अशात आमच्या अर्पिताला, म्हणजे माझ्या लेकीला, मुलगी झाली. सव्वा महिन्यानं आमच्या अंगणात बारसं करायचं ठरलं. आणि बारसं म्हटलं की मायचा पाळणा आलाच. हा पाळणा कुठं लिहिलेला नाही. वसतिगृहाच्या चुलीपुढं भाकरी थापता थापता तिनंच तो जुळवला. बारा कडवी आहेत. अकरा कायमची, आणि बारावं ज्या त्या लेकराचं वेगळं. माझ्या बाराव्या कडव्यात मी रडून रडून दोन भाकरी करपवल्याची नोंद आहे. आमच्या घराण्यात मायच्या तोंडून स्वतःचं बारावं कडवं ऐकल्याशिवाय एकही लेकरू पाळण्यात निजलेलं नाही.

बाळ झाल्याचा फोन आला त्या संध्याकाळी माय ओट्यावर बसून हळूच पाळणा घोळवायला लागली. पहिल्या कडव्याची दुसरी ओळ अर्ध्यात तुटली. तिनं छातीवर हात ठेवला, थांबली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच तुटली. 

"ह्या येळंला व्हतंय का न्हाई की रे, धम्मा," ती म्हणाली.

माय कधी असं बोलत नाही. मी आत जाऊन उगाचच पाण्याचा तांब्या भरून आणला. तहान कुणालाच नव्हती.

त्याच क्षणी मी ठरवलं की आता हे प्रकरण आपण स्वतः हाताळायचं. माणसानं असं ठरवलं की आधी शेजाऱ्यांना कळतं. सुग्रीव म्हणाला, शेळीच्या गोठ्यात निजवा. समोरच्या धुरपदाबाई म्हणाल्या, छातीला कांदा बांधा. पण मला पटला तो दिनकररावांचा सल्ला. दिनकरराव म्हणजे शेजारचे निवृत्त तलाठी. ज्या माणसाची सही सातबाऱ्यावर तीस-पस्तीस वर्षं चालली त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या?

"पंप-बिंप सोडा धम्मानंदराव," ते कुंपणावर कोपर टेकून म्हणाले. "आमच्या पोराच्या सासूला हीच तकलीफ. इसेन्शियल ऑइल लावलं बघा! नीलगिरी, पुदिना, ओवा, आन एक ते परदेशातलं जांभळ्या फुलाचं. नुस्ता वास घ्यायचा. बाई आता जिने चढायली."

त्यांनी फोनवर एक व्हिडिओही दाखवला. त्यात पांढऱ्या कोटातला एक माणूस डोळे मिटून बाटली हुंगत होता आणि मागं धबधबा पडत होता. मला तो धबधबा फार पटला आणि मी तिथल्या तिथं फोनवरून चोवीस बाटल्या मागवल्या. सासूबाई तळमजल्यावर राहतात आणि त्या घराला जिनाच नाही, ही माहिती मला पुष्कळ नंतर मिळाली.

आता, सरकारी माणूस पूर्वपरवानगीशिवाय शिंकतही नाही. आईवर औषधोपचार करायचा, तर तो उद्या खर्चाच्या प्रतिपूर्तीला धरता यावा, म्हणून मी साहेबांच्या नावे अर्ज लिहायला बसलो. इथं माझी भाषा आडवी आली. 'इसेन्शियल' याला मराठीत काय म्हणावं? 'आवश्यक तेल' फार कोरडं वाटलं. 'अत्यावश्यक' म्हटलं की रुग्णवाहिका डोळ्यांपुढं येते. मग मला 'जीवनावश्यक' सुचलं. मायच्या जिवाचाच तर प्रश्न होता. शिवाय 'तेल आणणे' हे किराणा यादीसारखं वाटत होतं, म्हणून मी तिथं 'साठा' हा भारदस्त शब्द घातला. अर्ज असा झाला:

'विषय : मातोश्रींच्या श्वसनविकारास्तव जीवनावश्यक तेलाचा साठा निवासस्थानी करण्यास पूर्वपरवानगी मिळणेबाबत.'

मी तो तीनदा वाचला. रेणुकालाही वाचून दाखवला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. ती म्हणाली, "साठा कशाला? चोवीस बाटल्या हायेत अंगठ्याएवढ्या." मी म्हणालो, "तुला शासकीय मराठी कळत नाही." हे वाक्य ती मला अजून ऐकवते.

आमच्या आवक-जावकला रामहरी बसतो. रामहरी विषयाच्या पलीकडं काही वाचत नाही. पुढचं वाचायचा पगार मिळत नाही, असं त्याचं स्पष्ट मत आहे. त्यानं 'जीवनावश्यक' वाचलं, 'तेल' वाचलं, 'साठा' वाचला आणि अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं: पुरवठा शाखेकडे उचित कार्यवाहीस्तव.

इकडं माझा प्रयोग सुरू झाला होता. बाटल्यांबरोबर एक यंत्र आलं होतं. त्यात पाणी भरायचं, तेलाचे तीन थेंब टाकायचे आणि बटण दाबलं की वरून वाफेचा पांढरा लोट निघायचा. "तीन थेंबानं काय व्हतंय?" दिनकरराव म्हणाले. "सासूबाई तीस टाकतात." मी मधला मार्ग काढून वीस टाकले.

पहिल्याच संध्याकाळी आमचं मांजर घर सोडून गेलं. वरणाला पुदिन्याचा वास आला, चहाला ओव्याचा, आणि माझ्या ऑफिसच्या फायलींना नीलगिरीचा. साहेबांनी एक प्रस्ताव नाकाशी धरून विचारलं, "याला सर्दी झालीय का?" रेणुकाच्या वर्गातली पोरं तर मॅडम आत आल्या की रांगेनं शिंकायची. गल्लीतले डास मात्र गेले, आणि त्याबद्दल सुग्रीवनं माझे जाहीर आभार मानले.

आणि माय?

"धम्मा, ह्यो धूर कामून सोडायलास घरात?"

"धूर न्हाई माय, वाफ हाय. औषधाची."

"मला धुराची वळख हाय रे," ती म्हणाली. पण यंत्राजवळ तोंड नेऊन बसली. मी रोज विचारायचो, कसं वाटायलंय? ती म्हणायची, "लय बरं वाटायलंय." मी खूश. दिनकरराव खूश. प्रियंका मॅडमना यातलं काही सांगितलं नाही. पंप बंद आहे हेही सांगितलं नाही. हे कबूल करताना मला आजही लाज वाटते.

आठवड्याभरानं एका दुपारी मी विसरलेला चष्मा घ्यायला घरी आलो. परसाच्या फाटकातून आलो म्हणून बघायला मिळालं. यंत्र बंद होतं आणि त्यावर गोधडी टाकलेली होती. खिडक्या सताड उघड्या. माय परसातल्या लिंबाखाली पायरीवर बसून, पदर तोंडात कोंबून खोकत होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर. माझी चाहूल लागल्यासारखी ती उठली, घाईघाईनं आत गेली, गोधडी काढली, यंत्र चालू केलं आणि त्यापुढं तोंड धरून बसली. श्वास लागलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हे सगळं कशासाठी, तर पोरानं हौसेनं आणलंय, त्याचं मन मोडू नये म्हणून.

मला दारातच रडू आलं. तिच्याजवळ जाऊन बसावं, ते यंत्र उचलून उकिरड्यावर फेकावं, असं वाटलं. मी एक पाऊल टाकलं आणि तेवढ्यात पुढच्या फाटकापाशी सरकारी जीप थांबली.

जीपमधून पुरवठा निरीक्षक बन्सीधर उतरले. धिप्पाड माणूस, जाड मिशा, काखेत फायलींचं बाड. फायलीत सगळ्यात वर माझाच अर्ज होता, माझ्या वळणदार अक्षरातला.

"धम्मानंद आपणच? जीवनावश्यक तेलाचा साठा केला म्हणून आपण स्वतः लेखी दिलंय," ते जरा भारावून म्हणाले. "बावीस वर्षांच्या नोकरीत असा प्रामाणिक साठेबाज मी बघितला न्हाई."

"साहेब, ते तेल तसलं नाही—"

"कसलं हाय ते पंचनाम्यात यीलच. दोन पंच बोलवा."

एक पंच म्हणून सुग्रीव आला. दुसरे दिनकरराव. ते कुंपणावर होतेच. त्यांनी कुणाला काय सांगितलं देव जाणे, पण पाच मिनिटांत गल्लीत बातमी पसरली की धम्मानंदच्या घरी सरकारी तेल वाटायलेत. धुरपदाबाई पाच लिटरचा डबा घेऊन पहिल्या नंबरवर उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं कॅन, किटल्या, एक घागर. मी ओरडून सांगत होतो की हे तेल खायचं नाही. त्यावर रांगेतून आवाज आला, "मग रांग कामून लावायलाव?"

शाळा सुटून रेणुका त्याच वेळी घरी आली. तिनं रांग बघितली, जीप बघितली, माझं तोंड बघितलं. ती सरळ आत मायजवळ गेली.

बन्सीधर नियमाचे पक्के. लेबल इंग्रजीत असल्यानं मजकूर ग्राह्य धरता येत नाही, म्हणाले. प्रत्येक बाटली उघडून प्रत्यक्ष खात्री करावी लागेल. बैठकीत गर्दी होऊ नये म्हणून दार लावून घेतलं आणि चोवीस बाटल्यांची बुचं एकामागून एक निघायला लागली. दिनकररावांनी चौथी हुंगली आणि त्यांना ठसका लागला. सुग्रीवचे डोळे चुरचुरायला लागले. दहाव्या बाटलीला मला समोरचं दिसेना. बाराव्या बाटलीला आतल्या खोलीतून रेणुकाची हाक आली.

"अहो! माय!"

माय खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकून बसली होती. मान पुढं, खांदे वर, गळ्याची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिला बोलता येत नव्हतं. ती फक्त माझ्याकडं बघत होती. इतका घाबरलेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

तेवढ्यात मागं दुसरी शिट्टी ऐकू आली. बन्सीधर दाराला धरून उभे होते, तोंड लालबुंद. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, पेनाच्या आणि शिक्क्याच्या मधून एक निळा पंप काढला आणि सगळ्यांच्या देखत, अगदी चहा घ्यावा तितक्या सहज, ओढला. मग बोट वर करून सगळ्यांना थांबवलं. थोडा वेळ श्वास धरला, सोडला आणि म्हणाले, "दारं उघडा. खिडक्या उघडा. माय, चला जीपमधी. पंचनामा मरू द्या."

मायनं जाताजाता त्यांच्या खिशाकडं बघितलं, हे मी पाहिलं.

दवाखाना पाच मिनिटांवर होता. तोंडाला मुखवटा लावून त्यांनी तिला औषधाची वाफ दिली. अर्ध्या तासानं तिच्या छातीतली शिट्टी विरत गेली. मुखवटा जरा बाजूला करून ती पहिलं वाक्य बोलली, "ही वाफ ब्येस हाय. हिला वास न्हाई." दुसरं वाक्य बाकावर बसलेल्या बन्सीधरांसाठी होतं.

"सायेब, किती वर्सं झाली पंपाला?"

"अकरा."

"आन काय झालं न्हाई?"

"जिता बी हाय आन नोकरीत बी हाय, माय."

तिनं त्यांच्या खिशाकडं पुन्हा एकदा बघितलं आणि मुखवटा तोंडावर ओढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला परभणीला प्रियंका मॅडमकडं नेलं. मी सगळं खरं सांगितलं. वीस थेंबांसह. मॅडमनी मला जे सुनावलं त्यातलं प्रतिष्ठेला धरून सांगण्यासारखं एवढंच, की उग्र वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण फुप्फुसाच्या नळ्या त्यानं उघडत नाहीत. उलट अशा नाजूक छातीला तो वास झोंबतो आणि नळ्या आणखी आवळतात. झालेलं नुकसान पंपानं भरून येणार नाही, पण दम सांभाळून चालता-बोलता येईल. आणि पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे. "सवय औषधाची नाही हो, श्वासाची असते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोन पंप दिले. एक रोजचा, ज्याच्यानंतर चूळ भरायची. दुसरा निळा, अडीअडचणीचा.

"माय, घेऊन दाखवा बरं."

मायनं पंप तोंडात धरला आणि जोरानं आत फुंकलं. औषधाचा फवारा मॅडमच्या चष्म्यावर गेला. तेव्हा कळलं की पहिले दोन दिवस फरक का पडला नव्हता. तिनं जन्मभर नळी तोंडाला लावून फुंकलंच होतं. मॅडमनी तीनदा करून दाखवलं. 'दीर्घ उच्छ्वास, मंद अंतःश्वसन' असं मीही समजावून सांगितलं. माय दर वेळी फुंकायची.

शेवटी पहिलीची बाई पुढं झाली. रेणुका तिच्यासमोर उकिडवी बसली.

"माय, पंप हातातच राहू द्या. आधी चूल पेटवा. फुंका, सगळा दम बाहेर."

मायनं फुंकलं.

"पेटली चूल. आता तव्यावर भाकरी फुगली. पंप तोंडाला लावा, दाबा, आन तिचा वास तोंडानंच आत ओढा. सावकाश. पार पोटापतुर."

मायनं डोळे मिटून वास घेतला.

"आता धरून ठेवा. एक चळत."

मायनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. मी मोजलं. एक, दोन, तीन... दहा झाल्यावर तिनं श्वास सोडला आणि हसली. "आसं सांगावं की मग," ती मॅडमला म्हणाली. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. एवढी शासकीय मराठी येणारा मी बाजूला नुसता उभा होतो.

यंत्र मी दिनकररावांना देऊन टाकलं. ते म्हणाले डासांना चांगलं आहे. मांजर चार दिवसांनी परत आलं. बारशाच्या आदल्या दिवशी माझ्या अर्जावर उत्तर आलं. 'सदर ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली असता खाद्यतेल आढळून आले नाही. वास आढळून आला. पंचांना ठसका लागला. सबब परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही.' ते मी जपून ठेवलंय. त्यात एकही चूक काढता येत नाही.

बारशाला अंगण भरलं. धुरपदाबाई या वेळी डब्याऐवजी झबलं घेऊन आल्या. बन्सीधरांना मायनं स्वतः फोन करून बोलावलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, सुजाता, आणि सगळ्या बाया पाळण्याभोवती सरकल्या. माय पाळण्याची दोरी धरून बसली.

तिनं सुरू केलं. आवाज पूर्वीसारखा नव्हता, अर्ध्यावर आला होता. पण ओळ तुटत नव्हती. ती प्रत्येक कडव्यानंतर थांबायची आणि बाया 'नीज गं माझे बाई' ओढून धरायच्या, तेवढ्यात तिचा श्वास भरायचा. पाच झाली. आठ झाली. मी मागं खांबाला धरून उभा होतो. अकरावं कडवं संपलं आणि ती थांबली, ती थांबलीच. बायांनी 'नीज गं' दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. अर्पिताचा चेहरा उतरला. 

मायनं पदराची गाठ सोडली आणि निळा पंप काढला. साऱ्या गावाच्या बायांत, मधोमध बसून. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. तिनं तिकडं बघितलंच नाही. ती मला शोधत होती.

"धम्मा, मोज. एक चळत."

तिनं चूल फुंकली, भाकरीचा वास घेतला आणि श्वास धरला. मी मोजायला लागलो. एक. दोन. तीन. मला ती बंद खिडकी दिसायला लागली, तिचे भाजलेले हात, माझ्यापुढं वाढत जाणारी चळत. चार, पाच, सहा, सात. पुढचा आकडा माझ्या तोंडातून येईना. मायला बोलता येत नव्हतं. श्वास धरलेला होता. तिनं माझ्याकडं बघत मांडीवर भाकरी थापल्यासारखी हळूच थाप मारली. आठ. पुन्हा थाप. बन्सीधरांनी मागून जोरात म्हटलं, "नऊ!" आणि सगळं अंगण ओरडलं, "दहा!"

"माय, चळत!" मी म्हणालो.

तिनं श्वास सोडला. मग दोरी ओढली आणि बारावं कडवं म्हणायला लागली. ते तिनं आजवर कुणालाच ऐकवलं नव्हतं.

बाराव्या दिशी गं आजा आला,
बाटलीभर तेलाचा बोभाटा झाला,
पणजीनं दम खाऊन पाळणा हालविला,
नीज गं माझे बाई.

अंगण हसून लोळलं. दिनकरराव तर ठसका लागेपर्यंत हसले. आता हे माझ्या नातीचं कडवं, ते बदलायची सोय नाही. मला सगळे हसत होते आणि मी डोळे पुसत त्यांच्यात हसत होतो. मायनं पंप पुन्हा पदरात बांधला, पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "निजली बग."